जोहतोची दुसरी फेरी: ‘पोकेमॉन गोल्ड’ पुन्हा खेळणाऱ्यांसाठी

‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘पोकेमॉन सिल्व्हर’ हे जोहतो प्रदेशात घडणारे जोडगेम 21 नोव्हेंबर 1999 रोजी जपानमध्ये निन्टेंडोच्या गेम बॉयसाठी आले. इंग्रजी आवृत्ती ऑक्टोबर 2000मध्ये अमेरिकेत पोहोचली. आपल्याकडे टीव्हीवर हिंदीतून पोकेमॉन पाहत वाढलेल्या पिढीतल्या अनेकांनी हा गेम पुढे कुठल्या ना कुठल्या मार्गाने खेळला, काहींनी अर्धाच सोडला. आज तिशीत असलेल्या या मंडळींना तो पुन्हा हातात घ्यावासा वाटतो, आणि बहुतेक जण पहिल्या काही तासांतच थांबतात. गेम संथ वाटतो, पोकेमॉनची लेव्हल वाढत नाही, कुठे जायचं ते कळत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. हा गेम सलग बसून संपवण्यासाठी बनलेलाच नाही. त्याच्या कार्ट्रिजमध्ये खरं घड्याळ आहे. तुमच्याकडे सकाळ झाली की तिथे सकाळ होते, तुमचा शुक्रवार तिथेही शुक्रवार असतो. रोज थोडा वेळ, हातात मावणाऱ्या यंत्रावर, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी खेळलात तर तो उलगडत जातो. शनिवार-रविवारी दहा-दहा तास बसलात तर त्याचा निम्मा भाग तुम्हाला दिसणारही नाही. पुढचा सगळा सल्ला या एका गोष्टीवर उभा आहे.

आधी आवृत्ती ठरवा

या कथेच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली म्हणजे मूळ ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’. दुसरी ‘क्रिस्टल’: त्याच गोष्टीची सुधारलेली आवृत्ती, जपानमध्ये डिसेंबर 2000मध्ये आलेली. तिसरी ‘हार्टगोल्ड’ आणि ‘सोलसिल्व्हर’: निन्टेंडो डीएससाठी 2009मध्ये जपानमध्ये आणि 2010मध्ये अमेरिकेत आलेली पुनर्निर्मिती.

पहिल्यांदाच किंवा खूप वर्षांनी परतत असाल, तर ‘हार्टगोल्ड’ किंवा ‘सोलसिल्व्हर’ घ्या. तुमचा पोकेमॉन तुमच्या मागे-मागे चालतो. खालच्या टच स्क्रीनवर सगळे मेन्यू हाताशी असतात. पळण्याची सोय अगदी सुरुवातीपासून आहे. मूळ गेममध्ये आधीच्या ‘रेड’ आणि ‘ब्लू’मधला कांतो प्रदेश जागेअभावी छाटलेला होता. इथे व्हिरिडियनचं जंगल पुन्हा मोठं केलं आहे आणि सफारी झोनही परत आलं आहे, फक्त या वेळी जोहतोत.

गेम बॉयवर तो एकदा मनापासून खेळलेला असेल, तर मात्र मूळ ‘गोल्ड’ किंवा ‘सिल्व्हर’कडेच जा. छोट्या स्क्रीनवर, मोजक्या रंगांत, चार आवाजांच्या चॅनेलवर इतकं मोठं जग कसं बसवलं, हे आता मोठ्या वयात जास्त कळतं. 251 पोकेमॉन, दोन प्रदेश, सोळा जिम. चित्रांचा डेटा दाबून कमी जागेत बसवण्याची साधनं सातोरू इवाता यांनी तयार करून दिली होती. तेव्हा ते हॅल लॅबोरेटरी या दुसऱ्या कंपनीत होते, पुढे निन्टेंडोचे अध्यक्ष झाले.

‘क्रिस्टल’मध्ये पहिल्यांदाच मुलगी म्हणून खेळता येतं आणि लढाईत पोकेमॉन हलताना दिसतात. पण घेण्याआधी एक लक्षात ठेवा: मरीप हा गुणी मेंढरू-पोकेमॉन आणि आणखी काही जण ‘क्रिस्टल’मध्ये रानात सापडतच नाहीत. मरीपपासून होणारा ॲम्फरॉस तुमचा लाडका असेल, तर ‘गोल्ड’ किंवा ‘सिल्व्हर’च बरं.

यंत्र आणि कार्ट्रिज

‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ मूळच्या काळ्या-पांढऱ्या गेम बॉयवरही चालतात. ‘क्रिस्टल’ला किमान गेम बॉय कलर लागतो. गेम बॉय ॲडव्हान्स आणि ॲडव्हान्स एसपी या दोन्हींवर तिन्ही गेम चालतात. निन्टेंडो डीएसमध्ये मात्र गेम बॉय आणि गेम बॉय कलरची कार्ट्रिजं चालत नाहीत; तिथे फक्त ॲडव्हान्सची चालतात. ही चूक खरेदीत बऱ्याचदा होते.

मूळ गेमसाठी माझी निवड गेम बॉय ॲडव्हान्स एसपी. घडी होऊन खिशात जातो, आत चार्ज होणारी बॅटरी आहे आणि स्क्रीनला प्रकाश आहे. गेम बॉय कलर आणि साध्या ॲडव्हान्सच्या स्क्रीनला स्वतःचा प्रकाश नाही. रात्री दिव्याखाली कोन साधत बसावं लागतं. एसपीचेही दोन प्रकार आहेत. जुन्या प्रकारात प्रकाश समोरून पडतो, नंतरच्या प्रकारात मागून. मागच्या स्टिकरवर एजीएस-001 असेल तर समोरचा, एजीएस-101 असेल तर मागचा. दुसरा जास्त उजळ आणि अर्थातच जास्त महाग.

‘हार्टगोल्ड’ डीएस, डीएस लाइट, डीएसआय, 2डीएस आणि 3डीएस अशा सगळ्या यंत्रांवर चालतो. 3डीएसवर आणखी एक वाट होती: मूळ ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ सप्टेंबर 2017मध्ये आणि ‘क्रिस्टल’ जानेवारी 2018मध्ये तिथे डाउनलोडसाठी आले. मार्च 2023मध्ये 3डीएसच्या ऑनलाइन दुकानातली खरेदी बंद झाली. तेव्हा कुणी विकत घेऊन ठेवले असतील, तर ते यंत्र जपा. मूळ गेम खेळण्याची ती सगळ्यात निर्धोक सोय आहे, कारण तिथला सेव्ह कार्ट्रिजमधल्या बॅटरीवर अवलंबून नाही. ‘क्रिस्टल’च्या त्या आवृत्तीत सेलेबीचा प्रसंगही खेळता येतो. मूळ इंग्रजी कार्ट्रिजमध्ये तो कधी उघडलाच नव्हता.

नकली कार्ट्रिजं बाजारात भरपूर आहेत. खरं ‘हार्टगोल्ड’ किंवा ‘सोलसिल्व्हर’ ओळखायला सोपं आहे: त्यात इन्फ्रारेडची सोय असल्यामुळे प्लास्टिक काळं पण किंचित पारदर्शक असतं. उजेडासमोर धरलं की लालसर झाक दिसते. डीएसच्या इतर गेमसारखं साधं करडं प्लास्टिक असेल, तर ते घेऊ नका. खऱ्या ‘क्रिस्टल’चं कवच पारदर्शक निळं आणि चमचमतं असतं, ‘गोल्ड’चं सोनेरी, ‘सिल्व्हर’चं चंदेरी. लेबलची छपाई धूसर असेल, अक्षरं वेडीवाकडी असतील, तर विक्रेत्याकडून आतल्या बोर्डाचा फोटो मागा. त्यावर निन्टेंडोचं नाव छापलेलं दिसायला हवं.

आपल्याकडे, विशेषतः मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात, दमट हवेने कार्ट्रिजच्या पितळी दिसणाऱ्या पट्ट्यांवर मळ धरतो. गेम सुरू होत नसेल तर फुंकर मारू नका. तोंडाची वाफ गंज वाढवते. कान साफ करायच्या कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, पट्ट्या हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ठेवताना बंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

बॅटरीचा प्रश्न

मूळ तिन्ही गेमचा सेव्ह एका छोट्या नाणेवजा बॅटरीवर जगतो. तिचा प्रकार सीआर2025. हीच बॅटरी घड्याळही चालवते, त्यामुळे घड्याळ नसलेल्या ‘रेड’ आणि ‘ब्लू’पेक्षा ती लवकर संपते. बॅटरी संपली तरी गेम सुरू होतो, खेळता येतो. पण यंत्र बंद केलं की सेव्ह जातो. जुनं कार्ट्रिज घेतलंत तर पहिल्याच दिवशी ही चाचणी करा: गेम सुरू करा, थोडं पुढे जा, सेव्ह करा, यंत्र बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी सेव्ह आणि घड्याळ दोन्ही जागेवर असतील तर पुढे जा. बॅटरी मूळची असेल, तर चाचणी पास झाली तरी ती बदलूनच मोठा प्रवास सुरू करा.

बदलणं अवघड नाही, पण काळजीचं आहे. कार्ट्रिजला खास प्रकारचा स्क्रू असतो; त्यासाठी 3.8 मिलिमीटरचा गेमबिट स्क्रू-ड्रायव्हर लागतो. बॅटरी बोर्डाला पट्ट्यांनी जोडलेली असते, म्हणून टॅब लावलेली सीआर2025 आणावी आणि सोल्डर करावी. नुसती बॅटरी चिकटपट्टीने दाबून बसवू नका. यंत्र हललं की संपर्क सुटतो आणि सेव्ह जातो. सोल्डरिंगचा हात नसेल तर मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे जा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असं काम सहज होतं. टॅबची धन आणि ऋण बाजू काढण्याआधी मोबाइलवर टिपून ठेवा.

जुनी बॅटरी काढली की सेव्ह पुसला जातो. त्यात लहानपणचे पोकेमॉन असतील तर आधी ते वाचवा. दोन मार्ग आहेत. पहिला: दुसरं यंत्र, दुसरं कार्ट्रिज आणि लिंक केबल घेऊन पोकेमॉन पलीकडे ट्रेड करा. दुसरा: कार्ट्रिजमधला सेव्ह संगणकावर उतरवणारं उपकरण वापरा आणि नवी बॅटरी लावल्यावर तोच सेव्ह परत चढवा. ‘हार्टगोल्ड’ला ही कटकट नाही, त्याचा सेव्ह बॅटरीविना टिकतो.

सोबती निवडताना

प्रोफेसर एल्म तीन पोकेमॉन पुढे ठेवतात. सिंडाक्विल हा सगळ्यात सोपा रस्ता. टोटोडाइल मधला. चिकोरिटा अवघड: पहिल्या जिममध्ये उडणारे, दुसरीत किडे, आणि दोन्ही गवताला भारी. पुढेही भूत-विष, पोलाद आणि बर्फ या जिम तिच्या वाट्याला येतात. पूर्वी सिंडाक्विल घेतला असेल, तर या वेळी चिकोरिटा घ्या. हा गेम पुन्हा खेळण्याचं खरं कारण म्हणजे तोच रस्ता वेगळ्या सोबत्यांबरोबर चालणं. लहानपणी आपण सगळेच एका लाडक्या पोकेमॉनला वाढवून बाकीच्यांना विसरत होतो. या वेळी तसं करू नका.

सहाचा पूर्ण संघ सुरुवातीपासून पोसू नका. या गेममध्ये अनुभवाचे गुण तुटपुंजे आहेत. सहांत वाटले की सगळेच कच्चे राहतात. चार पक्के सोबती ठेवा, बाकी दोन जागा रस्ता मोकळा करणाऱ्या मूव्हसाठी. जोहतोत कट, फ्लाय, सर्फ, स्ट्रेंग्थ, फ्लॅश, व्हर्लपूल आणि वॉटरफॉल अशा सात मूव्ह लागतात. एकदा शिकवल्या की त्या ब्लॅकथॉर्नमधल्या मूव्ह विसरायला लावणाऱ्या माणसाकडे गेल्याशिवाय निघत नाहीत. म्हणून कट आणि फ्लॅश तुमच्या मुख्य लढवय्याला शिकवू नका.

‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये लवकर मिळणारे चांगले सोबती सांगतो. 32 नंबरच्या रस्त्यावर मरीप. व्हायोलेट शहरात एकाला बेलस्प्राउट दिला की ऑनिक्स मिळतो. गोल्डनरॉडमध्ये बिलकडून ईव्ही. त्याआधी बिलला एक्रूटीकमध्ये भेटावं लागतं. ईव्हीशी घट्ट मैत्री झाली की दिवसा लेव्हल वाढल्यास एस्पियन होतो, रात्री वाढल्यास अम्ब्रियन. कोणता हवा ते ठरवून त्या वेळीच लढा.

नियम जुने आहेत, ते आधी समजून घ्या

नवे पोकेमॉन गेम खेळून इथे आलात तर एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. आज प्रत्येक मूव्ह शारीरिक की विशेष हे स्वतंत्रपणे ठरलेलं असतं. ती सोय 2006मध्ये ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’पासून आली. ‘गोल्ड’मध्ये ते टाइपवर ठरतं. आग, पाणी, गवत, वीज, बर्फ, सायकिक, ड्रॅगन आणि डार्क या टाइपच्या सगळ्या मूव्ह विशेष. बाकी सगळ्या शारीरिक. त्यामुळे आइस पंच, फायर पंच आणि थंडर पंच नावाने ठोसे असले तरी स्पेशल अटॅकवर चालतात.

यातून मिळणारा फायदा मोठा आहे. गोल्डनरॉडच्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये हे तिन्ही ठोसे प्रत्येकी 3000ला विकत मिळतात, आणि ठोसा मारण्यासारखं अंग असलेले बरेच पोकेमॉन ते शिकतात. ॲम्फरॉसला फायर पंच शिकवा. विजेला न जुमानणारे गवताचे पोकेमॉन मग त्याला अडवत नाहीत. टोटोडाइलपासून होणाऱ्या फेरालिगेटरला आइस पंच शिकवा, तो शेवटपर्यंत कामी येतो. मूळ गेममध्ये मूव्ह शिकवणारा टीएम एकदाच वापरता येतो, पण हे तिन्ही पुन्हा विकत मिळतात. त्यामुळे प्रयोग करायला भिऊ नका.

डार्क आणि स्टील हे दोन टाइप या गेममध्येच पहिल्यांदा आले. ‘रेड’ आणि ‘ब्लू’मध्ये सायकिक पोकेमॉनची एकहाती सद्दी होती, ती इथे मोडली. आधीचा एकच ‘स्पेशल’ गुण इथे हल्ला आणि बचाव असा दोन भागांत विभागला गेला. नर-मादी, अंडी, हातात धरायच्या वस्तू, हे सगळं इथूनच सुरू झालं. हातातल्या वस्तूंकडे दुर्लक्ष करू नका. झाडावरचं एक साधं बेरीफळ हातात दिलं तरी अवघड लढाई तरून जाते.

आणखी दोन जुन्या अडचणी. बॅगेत साध्या वस्तूंना 20च खाने आहेत. बिनकामाचं सामान वेळीच विका. आणि पोकेमॉन ठेवायचा बॉक्स 20वर भरला की नवा पोकेमॉन पकडता येत नाही. पीसीवर जाऊन स्वतः बॉक्स बदलावा लागतो. दुर्मीळ पोकेमॉन समोर उभा असताना हे कळलं तर फार जिवाला लागतं, म्हणून 15 झाले की बॉक्स बदलण्याची सवय ठेवा.

जिथे लोक अडतात

पहिली जागा गोल्डनरॉडची जिम. व्हिटनीचा लेव्हल 20चा मिल्टँक हा या गेममधला सगळ्यात कुप्रसिद्ध प्रतिस्पर्धी. त्याची रोलआउट ही मूव्ह दर फेरीला दुप्पट जोराची होत जाते, दूध पिऊन तो प्रकृती भरून काढतो आणि अट्रॅक्टने तुमच्या नर पोकेमॉनला भुलवतो. उपाय तिन्ही बाजूंनी करा. मादी पोकेमॉन पुढे ठेवा, म्हणजे अट्रॅक्ट निकामी होतं. युनियन केव्हमधला जिओड्यूड घ्या. खडक-जमीन टाइपमुळे रोलआउट आणि स्टॉम्प या दोन्हींचा मार त्याला अर्धाच बसतो. आणि ‘गोल्ड’, ‘सिल्व्हर’मध्ये गोल्डनरॉडच्याच डिपार्टमेंट स्टोअरमध्ये ड्राउझी देऊन मचॉप घ्या, त्याच्या कराटेने काम लवकर होतं. जिंकल्यावर व्हिटनी रडू लागते आणि बॅज देत नाही. दाराकडे निघा, तिथली मुलगी बोलेल, मग परत फिरा.

दुसरी जागा एक्रूटीकनंतरची. इथे रस्ता अचानक मोकळा सुटतो. ऑलिव्हिनची जास्मिन आजारी ॲम्फरॉसपाशी दीपगृहात बसलेली असते. औषध आणायला समुद्र ओलांडून सियानवुडला जावं लागतं. महॉगनीकडेही जाता येतं. चक, जास्मिन आणि प्राइस या तिघा जिमप्रमुखांना कोणत्याही क्रमाने हरवता येतं, म्हणून त्यांच्या पोकेमॉनच्या लेव्हल जवळजवळ सारख्या ठेवल्या आहेत. जास्मिनचा स्टीलिक्स 35चा, तर नंतरचा समजला जाणारा प्राइसचा पिलोस्वाइन 31चाच. या टप्प्यात तुमची वाढ मंदावल्यासारखी वाटते, कारण आजूबाजूचं जगही मंदावलेलं असतं. घाई करू नका. आधी सियानवुडला जा, चकला हरवा, त्याच्या पत्नीकडून फ्लाय घ्या. मग सगळा नकाशा हातात येतो.

लेक ऑफ रेजवरचा लाल ग्याराडोस लेव्हल 30चा आहे. त्याला पकडा किंवा हरवा. दोन्ही वेळी लाल खवलं मिळतं. ते मिस्टर पोकेमॉनला दिलं की एक्स्प शेअर मिळतो. मागे पडलेल्या सोबत्याला वर आणण्याचं हे सगळ्यात चांगलं साधन आहे. बरेच जण खवलं बॅगेतच विसरतात.

तिसरी जागा चॅम्पियन लान्स. त्याआधीच्या रानातले पोकेमॉन तिशीच्या लेव्हलचे आणि लान्सचा सर्वांत मोठा ड्रॅगोनाइट 50चा, असा हा चढ आहे. पण त्याचे तिन्ही ड्रॅगोनाइट ड्रॅगन आणि फ्लाइंग अशा दुहेरी टाइपचे आहेत, आणि बर्फाचा मार त्यांना चौपट बसतो. आइस पंच इथे वसूल होतो. आठव्या जिममधल्या क्लेअरच्या किंगड्रावर मात्र बर्फाचा असा परिणाम होत नाही; त्याच्यासाठी चांगल्या लेव्हलचा टिकाऊ पोकेमॉनच हवा.

वारांचं वेळापत्रक

आता या गेमचं वैभव. मूळ आवृत्तीत पहाटे 4 ते सकाळी 10 सकाळ, संध्याकाळी 6 पर्यंत दिवस, त्यानंतर रात्र. हूटहूटसारखे पोकेमॉन रात्रीच भेटतात. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी नॅशनल पार्कमध्ये किडे पकडण्याची स्पर्धा भरते. सायथर किंवा पिन्सर मिळवण्याची ती उत्तम संधी. शुक्रवारी युनियन केव्हच्या तळाशी लेव्हल 20चा लाप्रास येतो. तिथे पोचायला सर्फ लागतं. सोमवारी रात्री कांतोतल्या माउंट मूनवर क्लेफेरी नाचतात. अझेलियातला कर्ट एप्रिकॉर्न फळांपासून खास बॉल बनवतो आणि दुसऱ्या दिवशी देतो. झाडावर फळही दिवसाला एकच.

यातलं काहीही घाई करून मिळत नाही. घड्याळ पुढे सरकवून फसवण्याचा मोह टाळा. ‘हार्टगोल्ड’मध्ये तर यंत्राचं घड्याळ बदललं की रोजचे प्रसंग काही काळ थांबतात. त्यापेक्षा लोकलमध्ये सकाळचा अर्धा तास आणि रात्री जेवणानंतरचा अर्धा तास अशी विभागणी करा. सकाळी फळं तोडा, कर्टकडे द्या, एखादा रस्ता ओलांडा. रात्री त्याच रस्त्यावर पुन्हा जा. दोन वेळांना तो वेगळा असतो. थांबण्याआधी पोकेमॉन सेंटरमध्ये येऊन सेव्ह करा, म्हणजे पुन्हा सुरू करताना आपण कुठे होतो ते शोधावं लागत नाही. आणि सेव्ह होत असताना बटण बंद करू नका.

फोन नंबर देणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना नाही म्हणू नका, पण दहाच नंबर राहतात, म्हणून वाढत जाणारे पोकेमॉन असलेले ठेवा. ते फोन करून पुन्हा लढायला बोलावतात. अनुभवाची तूट भरून काढण्याची ही गेममधलीच सोय आहे.

चॅम्पियन झाल्यावर थांबू नका

लान्स हरला की श्रेयनामावली येते आणि अनेक जण इथेच यंत्र बंद करतात. खरं तर इथून जहाजाने कांतोला जाता येतं. ‘रेड’ आणि ‘ब्लू’चा तोच प्रदेश, तीन वर्षांनंतरचा. सिनाबार ज्वालामुखीने उद्ध्वस्त झालेलं, सफारी झोन बंद, जुन्या जिममध्ये काही नवे चेहरे. आठही जिमचा क्रम बराचसा तुमच्या हातात आहे. बहुतेकांचे पोकेमॉन चाळीस ते पन्नासच्या दरम्यान. व्हिरिडियनचा ब्लू तेवढा 58पर्यंत जातो.

सोळा बॅज झाले की प्रोफेसर ओक माउंट सिल्व्हरची वाट उघडतात. आत अंधार असतो, फ्लॅश सोबत ठेवा. वाटेच्या शेवटी एक मुलगा एक शब्दही न बोलता उभा असतो. तो रेड: आधीच्या गेममध्ये आपण ज्याच्या रूपात खेळलो तोच. मूळ आवृत्तीत त्याचा पिकाचू लेव्हल 81चा आहे आणि बाकी पाच जण 73 ते 77चे. ‘हार्टगोल्ड’मध्ये पिकाचू 88चा. तयारीसाठी एलिट फोरशी पुन:पुन्हा लढा, त्यात पैसाही मिळतो. संघात जमिनीच्या टाइपचा एक पोकेमॉन ठेवा, पिकाचूची वीज त्याला लागतच नाही. मूळ आवृत्तीतल्या त्याच्या एस्पियनसमोर डार्क टाइपचा अम्ब्रियन उभा करा. साठीच्या लेव्हलचे चार नीट निवडलेले सोबती आणि भरपूर औषधं असतील तर ही लढाई जिंकता येते. 80 गाठण्याची गरज नाही.

मार्गदर्शिका किती पाहावी

इंटरनेटवर प्रत्येक पावलाची माहिती आहे. ती बंद ठेवा, आणि एक छोटी वही जवळ घ्या. कोणत्या वारी काय दिसलं, कुणाला कोणती फळं हवीत, कुठला रस्ता सर्फविना अडला होता, ते लिहा. गेममधली माणसं बहुतेक सगळ्या गोष्टी बोलून सांगतात. लहानपणी इंग्रजी येत नव्हतं म्हणून आपण बटण दाबत पुढे गेलो होतो. आता वाचता येतं, तर वाचा. फक्त अडून दोन दिवस गेले असतील तर आणि अंड्याच्या किंवा ट्रेडच्या नियमांसाठीच बाहेर शोधा. ट्रेडनेच इव्हॉल्व्ह होणारे पोकेमॉन, म्हणजे हॉन्टर, मचोक, कडाब्रा, संघात घेण्याआधी दुसरं यंत्र आणि केबल मिळणार आहे का ते पाहा.

घरात आठ-दहा वर्षांचं मूल असेल तर त्याला शेजारी बसवा. या गेममध्ये पाळीपाळीने लढायचं असतं, त्यामुळे प्रत्येक चालीआधी थांबून विचार करता येतो, एकमेकांशी बोलता येतं. टाइपचा तक्ता मुलं आपल्यापेक्षा पटकन पाठ करतात.

शेवटी एक विनंती. तुमच्या माळ्यावरच्या किंवा भावाच्या कपाटातल्या एखाद्या डब्यात ‘गोल्ड’, ‘सिल्व्हर’ किंवा ‘क्रिस्टल’चं जुनं कार्ट्रिज पडलेलं असेल, तर ते या आठवड्यात बाहेर काढा आणि सेव्ह अजून शाबूत आहे का ते तपासा. त्या बॅटऱ्या आता पंचवीसेक वर्षांच्या झाल्या आहेत. शाबूत असेल तर आधी तो सेव्ह उतरवून घ्या, मग बॅटरी बदला आणि मगच नवा प्रवास सुरू करा.